लोहापूलची नऊ गाणी

महाल, नागपूर
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

ताराचंद,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. पाकीट असतं तर मी ते दोन दिवस न उघडता ठेवलं असतं. कार्ड होतं, म्हणून पोस्टमनच्या हातातच वाचून झालं. तीन वर्षांत तुझं अक्षर बारीक झालं आहे.

लोहापूलची कॅसेट निघणार हे वाचून मी त्या दिवशी ऑफिसला उशिरा पोचलो. (अजून भूमी अभिलेखमध्येच आहे. नकाशे, मोजण्या, हद्दी.) तुझ्या कलकत्त्याच्या छापखान्यात कॅसेटांची वेष्टणं छापून घेणारा तो घोषबाबू, गोविंदाने तुला पाठवलेली टेप ऐकतो काय आणि 'हे कोण वाजवतं' म्हणून विचारतो काय! इथे आपल्याला कोणी विचारलं नाही. गॅदरिंगात लोक सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश करायचे आणि तुम्ही अकरा मात्रांत शिरायचात.

साठ मिनिटांत नऊ गाणी मावणार नाहीत. 'तू आमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकलंस, तूच क्रम लाव' असं तू लिहिलंस. लावतो. वेष्टणावर मजकूर लागेल, म्हणून तुला ठाऊक असलेलंही लिहितो. लोहापूल हा बँड तिघांचा. गिटार आणि सगळ्या चाली ताराचंदच्या. ड्रमवर गोविंदा. बेस वाजवून गाणारा चंद्रभान, पारशिवनीचा, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. तालमी लकडगंजात भैयाजींच्या आरामशीनवर, रविवारी काम बंद असताना, भुशाच्या पोत्यांवर बसून. चौथा मी. वायरी, माइक आणि मामाचा टेपरेकॉर्डर सांभाळणारा. मला एकही वाद्य येत नाही. वेष्टणावर माझं नाव नको.

खालून सुरू करतो. सगळ्यात शेवटी 'कर्फ्यू'. राग मानू नकोस. त्यात तू अचानक थांबतोस, गोविंदा थांबतो, आणि लोकांना वाटतं लाइट गेले. दोनदा ऐकायला मजा येते, तिसऱ्यांदा नाही. त्याच्यावर 'सत्तेचाळीस'. उन्हाळ्यावरचं गाणं इतकं भरभर कसं असेल? मे महिन्यात आपल्याकडे कुत्रंही पळत नाही. सातवं 'आरामशीन', भैयाजींना खूश करायला केलेलं. पण सुरुवातीला चंद्रभान जाड तारेवर लाकूड चिरल्यासारखा आवाज काढतो, तेवढा तुकडा मी वीस-वीस वेळा मागे नेऊन ऐकला आहे. सहावं 'कोराडी'. त्यातला तुझा सोलो तीन मिनिटं जास्त आहे. हे तेव्हाच बोलायला हवं होतं, पण तेव्हा मला तुमच्यात बसू दिलं हेच खूप वाटायचं.

वरची पाच पुढच्या पत्रात. एक गोष्ट आत्ताच सांगतो. 'पेंच' क्रमात धरू नकोस. त्या शेवटच्या कार्यक्रमाच्या टेपला पावसाळ्यात बुरशी धरली. ऐकू येण्यासारखं काही राहिलं नाही.

गिरिधर


रविवार, ३० नोव्हेंबर १९८६

ताराचंद,

चार पानांचं पत्र मिळालं. इतकं तू पूर्वी सहा महिन्यांत बोलत नव्हतास.

आधी क्रम. पाचवं 'बोगदा'. चौथं 'मालगाडी', त्यात गोविंदा साताची चाल इतकी सहज धरतो की ती सात आहे हे मोजेपर्यंत कळत नाही. अजनीच्या रेल्वे शेडमध्ये तो आता फिटर आहे. ड्रम विकले. चहाच्या टपरीवर बाकावर बोटं चालतात, तीही सातातच. तिसरं 'सायरन'. गिरणीच्या भोंग्यावर तू गाणं केलंस तेव्हा तुझे वडील तालमीला येऊन बसले होते. भोंग्याचा सूर आला तसे ते उठून उभे राहिले, आणि मग स्वतःशीच हसून खाली बसले. दुसरं 'हद्द'. ते माझ्या ऑफिसातल्या नकाशांवरून सुचलं असं तू एकदा म्हणाला होतास, म्हणून मी पक्षपाती असेन.

पहिलं मी लिहिलेलं नाही. तू आडून आडून तेच विचारलं आहेस. 'पेंच' आयुष्यात एकदाच सबंध वाजलं, एकोणीस मिनिटं, तिन्ही भाग. धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावावरचं चंद्रभानचं गाणं. तू लिहितोस की कलकत्त्यात बुरशीच्या टेपा साफ करणारा माणूस आहे, तशीच पाठवून दे. पाहतो.

तू चंद्रभानच्या बहिणीचं, वच्छलाचं विचारलंस. तुला कोणीच कळवलं नाही असं दिसतं. त्र्याऐंशीच्या मे महिन्यात ठरलेलं तुमचं लग्न मोडल्यावर तिच्या वडिलांनी, रुपरावकाकांनी, वर्षभर कोणाशी सोयरिकीचं बोलणंच केलं नाही. मग चौऱ्याऐंशीत रामटेकच्या एका बिजवराला दिलं. त्याला पहिलीच्या दोन मुली आहेत. पिठाची गिरणी आहे. माणूस वाईट नाही म्हणतात. मी लग्नाला गेलो होतो. चंद्रभानच्या आईने, प्रयागबाईंनी, मला जवळ बसवून घेतलं आणि चंद्रभानचा शर्ट मला होईल का म्हणून माझ्या खांद्यांवर लावून पाहिला.

तू आणखी एक लिहिलं आहेस. छापखान्यात मशीन अडलं तरी तू हात लावत नाहीस. खोलीतला बल्ब शेजारचा माणूस बदलून देतो. त्या दिवसापासून सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं नाहीस. ज्या माणसाने जुन्या रेडिओंचे सुटे भाग जमवून अ‍ॅम्प्लिफायर बनवला, तो बल्बसाठी शेजाऱ्याला हाक मारतो.

आणि शेवटी तोच प्रश्न, जो तू मला लॉकअपमधून सुटल्यावर विचारला होतास. 'गिरधर, अर्थ होता ना? मंग फ्यूज काहून नाही गेला?' मी तेव्हा म्हणालो होतो की फेब्रुवारीची जमीन, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल. आता तू लिहिलं आहेस की हे उत्तर तू हजार वेळा घासून पाहिलं आणि ते बसत नाही.

इथेच थांबतो. बहिणीकडची माणसं आली आहेत.

गिरिधर


मंगळवार, २ डिसेंबर १९८६

ताराचंद,

बहिणीकडून कोणी आलं नव्हतं.

हे पत्र ऑफिसात लिहितो आहे, कारण घरी लिहिलं तर फाडीन. इथून थेट पोस्टात जाऊन रजिस्टर करणार.

टेपला बुरशी लागलेली नाही. ती माझ्या कपाटात आहे आणि तिच्यावरचा आवाज काचेसारखा स्वच्छ आहे. तो तसा का आहे, ते सांगतो.

१२ फेब्रुवारी १९८३. कॉलेजचं मैदान, पाच वाजताचं ऊन. तुम्ही पहिली दोन गाणी वाजवलीत तेव्हा चंद्रभानच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून घुंऽऽ असा आवाज येत होता. तुलाही आठवत असेल. हेडफोनमध्ये तो माझं डोकं पोखरत होता. 'पेंच' पहिल्यांदा सबंध वाजणार होतं आणि माझ्याकडे एक कोरी नव्वदची टेप होती. मी स्टेजवर आलो आणि चंद्रभानला म्हणालो, दोन मिनिटं थांब, ही घुंघुं काढतो. तो म्हणाला, "घुमू दे ना बे. लोकं तुही टेप ऐकाले नाही आले." तू तेव्हा पाणी प्यायला मागे गेला होतास.

मी प्लग उघडला आणि अर्थची हिरवी वायर सोडवून बाजूला वळवली. घुंघुं बंद झाली. हे करायचं नसतं हे मला माहीत होतं. तूच मला शिकवलं होतंस, पहिल्याच महिन्यात, आरामशीनवर. मी मनाशी म्हटलं, एक गाणं, एकोणीस मिनिटं, मग लावून टाकू.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आतली एक तार सुटून पत्र्याला टेकली होती, ती तुझ्या हातची होती, हे खरं आहे. पण हिरवी वायर जागेवर असती तर फ्यूज उडाला असता, सगळं बंद पडलं असतं, पोरांनी शिट्ट्या मारल्या असत्या. एवढंच झालं असतं.

तिसऱ्या भागात चंद्रभानने बेसच्या तारांवर हात ठेवून तोंड माइकला लावलं. तो ताठ झाला आणि तसाच बेससकट मागे पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू आणि गोविंदाही चार-पाच मात्रा वाजवत राहिलात. सगळ्यांना वाटलं गाण्यातला भाग आहे. मला तसं वाटलं नाही. मला लगेच कळलं, तरी मेन स्विचकडे हात जायला वेळ लागला. टेपवर तो वेळ मोजता येतो. नऊ सेकंद. त्या नऊ सेकंदांत मी हेडफोन काढला आणि तो नीट ठेवायला जागा शोधली. का, ते मला आजही सांगता येत नाही.

मग तुम्ही त्याला उचलून जीपकडे धावलात. स्टेजवर मी एकटा होतो. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, प्लग उघडला आणि हिरवी वायर होती तशी बसवली. दुसऱ्या दिवशी तपासणीत लिहिलं गेलं, जोडणी ठीक, घरगुती बनावटीच्या यंत्रात दोष. यंत्र कोणाचं, विचारलं. तू पुढे झालास.

दोन दिवस कोठडी, आठ महिने केस, सुटलास तरी गावाने सोडलं नाही. रुपरावकाकांनी तुझ्याकडे पाठ केली. या सगळ्यात मी तुझ्याबरोबर तारखांना यायचो, तुझ्यासाठी डबा आणायचो. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा.

त्या वेळी का बोललो नाही याला एक कारण होतं, नोकरी नुकतीच लागली होती. नंतर का बोललो नाही याला काहीच कारण नाही. रोज थोडं जास्त कठीण होत गेलं, बस. आणि आता तू बल्बचं लिहिलंस.

तू उत्तर देऊ नकोस म्हणण्याचा हक्क मला नाही, आणि दे म्हणण्याचाही नाही.

गिरिधर


रविवार, २८ डिसेंबर १९८६

ताराचंद,

तुझं काही आलं नाही. पत्र पोचलं असणार, कारण मी ते रजिस्टर केलं होतं आणि पोच आली आहे, तुझ्या सहीची.

गोविंदाला सांगितलं. शेडच्या बाहेर, त्याची पाळी सुटल्यावर. त्याने सबंध ऐकून घेतलं. मारेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "पावणेचार वर्सं तू मायासोबत चहा पेला." आणि सायकल हातात धरून पायीच निघाला. सायकलवर बसलाही नाही. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो तर टपरीवाल्याने सांगितलं, तो आता पलीकडच्या टपरीवर जातो.

मी पुढच्या आठवड्यात पारशिवनीला जाणार आहे. हे पुन्हा पुढे ढकलू नये म्हणून तुला लिहून ठेवतो.

गिरिधर


रविवार, १८ जानेवारी १९८७

ताराचंद,

गेलो.

रुपरावकाका अंगणात तूर झोडपत होते. प्रयागबाई घरी नव्हत्या, कोणाच्या तरी हळदीला गेल्या होत्या. मला पाहून काकांनी खाट ओढली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमाने. हिरव्या वायरीचं त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मोटरपंपाचं उदाहरण दिलं तेव्हा समजलं. समजल्यावर त्यांनी पुन्हा काठी उचलली आणि उरलेली पेंढी झोडपून काढली. मी बाजूला उभा होतो. शेंगा उडून माझ्या पायांवर येत होत्या.

मग काठी भिंतीला लावून ते म्हणाले, "माह्या पोराच्या तेरवीले तू जेवला गा इथं. ताराचंदले म्या आंगनातून हाकललं, अन् तुले पान वाढलं."

मी हो म्हणालो.

त्यांनी विचारलं, ताराचंदला सांगितलं का. म्हटलं, लिहिलं. पोलिसांना? म्हटलं, अजून नाही. ते आत जाऊन शर्ट घालून आले. प्रयागबाईंना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. तिने चंद्रभानचे कपडे पेटीत घडी करून ठेवले आहेत आणि त्यातला एक शर्ट माझ्यासाठी बाजूला काढला आहे, या संक्रांतीला द्यायचा म्हणून. ते तिला नंतर स्वतः सांगतील, केव्हा ते माहीत नाही. मग म्हणाले, चाल. आम्ही दोघं रामटेकच्या बसमध्ये बसलो. तिकीट त्यांनी माझंही काढलं.

रामटेकचं शेवटी लिहितो. आधी बाकीचं.

सोमवारी इथल्या ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. तिथल्या साहेबाला आधी समजेचना की मिटलेल्या केसमध्ये माणूस आपण होऊन का येतो. कोणी धमकावलं का, घरी भांडण झालं का, डोक्याचं औषध चालू आहे का, असं विचारलं. मग टेप ऐकवली. सबंध ऐकवली नाही, तिसरा भागच. त्यांनी टाळ्यांपर्यंत ऐकलं आणि हाताने बंद करायची खूण केली. टेप जप्त केली आहे. केस पुन्हा उघडायला वरून परवानगी लागते म्हणाले. ऑफिसात मी स्वतःच कळवलं आहे, निलंबन होईल. वकील पाहिलेला नाही. तुझं नाव कागदावरून निघायला हवं, एवढं मी जबाबात दोनदा लिहिलं आणि साहेबाने एकदा खोडलं.

म्हणजे 'पेंच' आता कॅसेटवर येणार नाही. पहिला नंबर त्याचाच होता, हे तुला सांगायला नको. बाकीची आठ गाणी या पत्राबरोबर पार्सलने पाठवतो आहे, घोषबाबूंना हवी ती घेऊ देत. 'हद्द' पहिलं ठेवायचं तर ठेव, नाहीतर मी लावलेला क्रम सगळा फेकून दे. माझ्या कानांवर विश्वास ठेवावा असं त्यांनी काही केलेलं नाही.

आता रामटेक.

वच्छला ओट्यावर बसून धाकट्या मुलीची वेणी घालत होती. मोठी शाळेत होती. वडील आणि मी एकत्र आलेले पाहून आई गेली असं तिला वाटलं असावं, चेहरा तसा झाला. काकांनी आई बरी आहे सांगितलं आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, याले काही सांगाचं हाय, ऐकून घे. आणि ते रस्त्याकडे तोंड करून बसले.

मी सांगितलं. ती वेणी घालत राहिली. मधे एकदा मुलगी 'आई, ओढून राहिली तू' म्हणाली, तेव्हा तिने हात सैल केले. वेणी झाल्यावर तिने मुलीला आत पाठवलं.

मला वाटलं ती चंद्रभानबद्दल विचारेल. ती तुझ्याबद्दल बोलली. कलकत्त्याला जाण्याआधी तू पारशिवनीला गेला होतास, हे मला माहीत नव्हतं. तू मला कधी बोलला नाहीस.

ती म्हणाली, "मी आतून कडी लावून बसली होती, भाऊ. तो भाईरून बोलून राहिला होता. वच्छला, मले समजून नाही राहिलं, फ्यूज काहून नाही गेला. तेच तेच. मले वाटलं, माहा भाऊ मेला अन् याले फ्यूजची पडली. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभा होता. मी दार नाही उघडलं."

आत गिरणी सुरू झाली, पट्ट्याचा आवाज यायला लागला. तिने पदराने ओट्यावरचे केस गोळा केले.

मी उठलो तेव्हा तिने विचारलं, त्याचा पत्ता आहे का. मी आहे म्हणालो आणि चिठ्ठीवर लिहून द्यायला लागलो. तिने नको म्हटलं. मी विचारलं, मग तुमचा काही निरोप लिहू का. तिने आत मुलीकडे पाहिलं. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, माझा एकही शब्द त्यात नाही.

"त्याले लिवा, आता येऊ नोको म्हना. आता आला तं मले दार उघडा लागन."

गिरिधर